वरचा चतकोर

"हा एक काढून टाकूया का?" आकडेवालीनं विचारलं आणि पडद्यावरच्या सगळ्यांत उंच ठिपक्याभोवती बाण गोल गोल फिरवला. "बाकीच्यांपासून फारच वर गेलाय. एक तर माणूस खरंच तसा असेल, नाहीतर मोजताना काहीतरी चुकलं असेल." मग टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी प्रयोगशाळेतल्या ताईकडे पाहिलं, कारण मोजणं तिचं होतं. बावीस वर्षं या प्रयोगशाळेत दुसऱ्यांच्या रक्ताचं आणि लघवीचं मोजमाप तीच करत आली होती आणि आजवर तिच्या हाताबद्दल कुणी ब्र काढला नव्हता. "नंबर काय?" तिनं विचारलं. आकडेवालीनं कागद पाहिला. "पाचशे चव्वेचाळीस." पंखा फिरत होता. सर चष्मा पुसत होते. "चूक नाही," ती म्हणाली. "दोनदा लावला होता. दोन्ही वेळा तेवढाच आला." आवाज नेहमीचाच निघाला, जरा खरखरीत, आणि त्या आवाजाचाच तिला पहिल्यांदा राग आला. असा कसा निघाला हा? फाटायला नको होता? "मग राहू दे," सर म्हणाले. "ताई म्हणतात म्हणजे बरोबरच असणार." आणि दादा ठिपका होऊन पडद्यावर राहिला.

नंबर तिला माहीत असायला नको होता. नियम तसाच होता. नावांची यादी सरांच्या कपाटात आणि प्रयोगशाळेत फक्त आकडे. पण नऊ वर्षांपूर्वी नोंदणीच्या खोलीत दादाच्या बाटलीवर चिठ्ठी तिनंच चिकटवली होती आणि ती चिठ्ठी बघून दादा मोठ्यांदा हसला होता. "अगं, हा तर माझ्या लिफ्टवरचा आकडा! आठ माणसं, पाचशे चव्वेचाळीस किलो. मला काय लिफ्ट समजलात काय?" दादा लिफ्टदुरुस्तीवाला. आयुष्यभर दुसऱ्यांना वर चढवायचं आणि स्वतः जिन्यानं जायचं, असं तो म्हणायचा. तिला तो बाटली म्हणायचा, कारण नोकरी लागल्यापासून तिच्या पर्समध्ये एखादी रिकामी झाकणाची बाटली असायचीच. "काय बाटले, आज कुणाचं काय साठवलंस?" त्या वर्षी अभ्यासाला पन्नाशीतले धडधाकट पुरुष कमी पडत होते. बायका यायच्या, म्हातारे यायचे, पण कामावर जाणारे पुरुष काही येत नव्हते. म्हणून तिनंच दादाला आणलं होतं. ओढूनच. त्याची त्या दिवशी दोन कामं होती, ती त्यानं पुढे ढकलली. फॉर्म तिनंच त्याला वाचून दाखवला, सगळ्यांना दाखवायची तसाच, एका सुरात. त्यात एक वाक्य होतं. नमुने पुढील संशोधनासाठी गोठवून ठेवले जातील आणि त्या संशोधनाचे निष्कर्ष व्यक्तिशः कळवले जाणार नाहीत. दादानं विचारलं होतं, "आणि पुढेमागे काही निघालं तर?" ती म्हणाली होती, "तुझ्यात काय निघणार आहे? कर सही." त्यानं केली होती. सहीखाली त्याच्या बोटाचं ग्रीस लागलं होतं आणि तिनं त्याला त्यावरून बोलूनही घेतलं होतं.

बैठक पुढे चालू राहिली. आकडेवाली समजावून सांगत होती, हुशार मुलगी, स्वच्छ बोलायची. सोळाशे माणसं. किडनीच्या बारीक नळ्यांना इजा व्हायला लागली की काही प्रथिनं लघवीत उतरतात, रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या बिघडायच्या कितीतरी आधी. ती प्रथिनं नऊ वर्षं गोठवलेल्या नमुन्यांत आपण आत्ता मोजली. सोळाशे माणसांचे चार चतकोर केले. सगळ्यात खालच्या चारशेंत हृदयविकारानं गेले एकोणीस. सगळ्यात वरच्या चारशेंत बावन्न. "वय, साखर, रक्तदाब, सिगारेट, सगळं वजा केलं तरी फरक उरतोच," ती म्हणाली आणि तिचा चेहरा उजळला. उजळणारच. तीन वर्षं ती या फरकाची वाट बघत होती. "एकूण घटना किती?" सरांनी विचारलं. घटना. मेलेल्या माणसाला इथे घटना म्हणत. ती स्वतःही म्हणत असे, डबा खाता खाता, सहज. आज तो शब्द कानशिलावर फाडकन बसल्यासारखा बसला.

त्या बावन्नांतली एक घटना तिनं पाहिली होती. सात मजली इमारतीत लिफ्ट अडकली होती, यंत्राची खोली गच्चीवर, म्हणून दादा हत्यारांची पिशवी घेऊन जिना चढत होता. पाचव्या मजल्यावर जरा टेकला तो उठलाच नाही. अठ्ठावन्न वर्षं. ती पोचली तेव्हा तो भिंतीला टेकून बसलेला होता, एक बूट सुटलेला, आणि वरच्या मजल्यावरची एक बाई कठड्यावरून वाकून विचारत होती, "म्हणजे लिफ्ट आज चालू होणार नाही का?" नंतर घरी माणसं जमली आणि कुणीतरी म्हणालं, बघा नशिबाचा खेळ, लिफ्टवाला जिन्यात गेला. ते वाक्य दारातून आत, आतून स्वयंपाकघरात असं फिरत राहिलं, आणि प्रत्येक जण ते आपल्यालाच सुचल्यासारखं बोलत होता. तेव्हाही ती अशीच दात आवळून उभी होती. महिन्याभरानं अभ्यासाचा पाठपुरावा करणारा कारकून, दर वर्षी सोळाशे घरी फोन करणारा, त्यानं दादाच्या घरी फोन लावला. वहिनीनं उचलला. "गेले," ती म्हणाली. "कशानं?" "हृदय बंद पडलं." "धन्यवाद," तो म्हणाला. त्याचीही चूक नव्हती. चूक कुणाचीच नव्हती, आणि गेली पाच वर्षं ती याच एका वाक्याशी टक्कर घेत आली होती.

पण आज वर आलं ते हे नव्हतं. आज वर आला तो पिवळा रंग. तीन आठवड्यांपूर्वी तिनं ती प्लेट लावली होती. शहाण्णव खळग्यांची, तळहातात मावणारी. प्रत्येक खळग्यात एका माणसाचा थेंब, पण खळग्यांवर फक्त जागेची खूण, माणसांचे आकडे नंतर संगणकात जोडले जायचे. मग औषधं, धुणं, पुन्हा औषधं, मग निळा रंग चढतो, शेवटी आम्ल टाकलं की निळ्याचा पिवळा होतो. जितकी इजा जास्त तितका पिवळा गडद. बाकीचे खळगे फिकट होते, पाण्यात हळदीचं बोट बुडवल्यासारखे, आणि खालच्या ओळीतला एक खळगा असा रसरशीत पिवळा झाला होता की तिनं शेजारच्या टेबलावरच्या जोडीदारणीला हाक मारून बोलावलं होतं. "ये, बघ, काय रंग आलाय! नऊ वर्षांचा जुना नमुना, आणि रंग बघ. याला हात लागतो, बाई." ती खूश झाली होती. त्या दिवशी ती खूश होऊन घरी गेली होती. दादाच्या किडनीनं नऊ वर्षांपूर्वी मारलेली हाक तिनं उणे ऐंशीच्या फ्रीझरमधून बाहेर काढली, वितळवली, तिला रंग दिला आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेतली.

दुपारी ती सरांच्या खोलीत गेली. दार लोटलेलं होतं, तरी तिनं टकटक केली नाही. सर माणूस म्हणून चांगले होते, तेच तर अवघड होतं. दुष्ट असते तर सोपं गेलं असतं. दादाच्या वेळी ते स्मशानात येऊन शेवटपर्यंत उभे होते, तिला पंधरा दिवस रजा घ्यायला लावली होती. "पाचशे चव्वेचाळीस माझा भाऊ आहे," ती म्हणाली. सरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "ताई, तुम्हाला नंबर माहीत असणं हेच मुळात नियमाविरुद्ध आहे." आणि लगेच हात वर केला, "नाही, नाही, हे मी आधी बोलायला नको होतं. बसा." ती बसली नाही. "तेव्हा आपल्याला माहीत होतं?" तिनं विचारलं. "नव्हतं. तुम्हालाही माहीत आहे की नव्हतं. तेव्हा हे मोजतच नव्हतं कुणी. जे मोजत होतो ते त्यांचं ठीक होतं, तसं पत्रही आपण पाठवलं होतं." पाठवलं होतं. तिनं ते पाहिलं होतं, दादाच्या घरी कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेलं. तपासणीत सर्व काही ठीक. "आज माहीत आहे ना पण?" ती म्हणाली. "हृदयानं गेलेले आणि दुसऱ्या कशानं गेलेले सोडून वरच्या चतकोरातले तीनशे अकरा जण जिवंत आहेत. मी मोजले. जेवायच्या सुट्टीत मोजले. त्यांना काय सांगणार?"

सरांनी मग जे सांगितलं ते सगळं बरोबर होतं. एका अभ्यासावरून एका माणसाबद्दल काही सांगता येत नाही. वरच्या चारशेंतले तीनशे अठ्ठेचाळीस हृदयविकारानं गेलेले नाहीत, खालच्या चारशेंतले एकोणीस गेलेत. या प्रथिनांवर औषध नाही. घाबरवून ठेवायचं आणि उपाय द्यायचा नाही, हे कुठल्या नीतीत बसतं? शिवाय त्यांनी सही केली आहे, कळवणार नाही हे मान्य करून. "ती सही मी घेतलीय," ती म्हणाली. "सोळाशेंतल्या नऊशे सह्या मी घेतल्यात. एका सुरात वाचून." सर म्हणाले, "तुमचं दुःख मी समजू शकतो." तेव्हा मात्र तिचा तोल गेला. "दुःख नाही हो हे! दुःख पाच वर्षांपूर्वी झालं, ते रडून झालं. मला राग आलाय. रागाला दुःख म्हणू नका, तसं म्हटलं की तुम्हाला माझ्या पाठीवर हात ठेवता येतो." बाहेर व्हरांड्यात कुणाची तरी पावलं थबकली आणि मग जरा घाईनं पुढे गेली. सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "नीती समितीकडे लेखी द्या," ते हळू म्हणाले. "मी अडवणार नाही." अडवणार नाही. करणारही नाही. माणसं नुसती अडवत नाहीत आणि त्यालाच मदत म्हणतात.

संध्याकाळी ती घरी न जाता वहिनीकडे निघाली. रस्त्यावर दुकानांचे दिवे लागत होते, कुणीतरी कुत्र्याला ओढत होतं, एक माणूस दुसऱ्याला गाडी मागे घ्यायला हातवारे करून मदत करत होता, ये, ये, ये, बस्स, आणि तिला त्या माणसाचाही राग आला, इतक्या मनापासून तो ये ये म्हणत होता. कुणाची गाडी भिंतीला घासू नये म्हणून माणूस रस्त्यात उभा राहतो. तिला वहिनीला काय सांगायचं होतं ते नीट कळत नव्हतं. इतकंच कळत होतं की हे एकटीनं धरून ठेवणं शक्य नाही, ताटलीतलं गरम पाणी हिंदकळत न्यावं तसं ते ती चार रस्ते ओलांडून घेऊन चालली होती आणि कुणाच्या तरी पुढ्यात ठेवायचं होतं. वहिनी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचं काम करायची. नुकतीच कामावरून आलेली, बोटांच्या टोकांना अजून पांढरी भुकटी होती. "या वन्सं," ती म्हणाली, "आज वाट कशी चुकलात?" घर तसंच होतं. दादाची खुर्ची खिडकीशी सरकवलेली, तिच्यावर इस्त्रीचे कपडे. चहा झाला. इकडचंतिकडचं झालं. वहिनीचे गुडघे दुखायला लागले होते. "पण गोळी घेत नाही मी," ती म्हणाली. "ह्यांची सवय बघितली ना. अकरा वर्षं रोज सकाळी एक, कधी दोन. जिने चढून चढून गुडघ्यांची वाट लागली होती, गोळीशिवाय पाय उचलायचा नाही. मीच काढून ठेवायची चहाच्या कपाशेजारी. एखाद्या दिवशी विसरले तर चिडायचे. मी एकदा म्हटलं, रोज रोज बरी नव्हे, तर ते पत्र दाखवलं मला. तुझ्या नणंदेच्या लॅबचं आहे म्हणाले, सगळं ठीक आहे, बघ."

ती कप हातात धरून बसली. वेदनाशामक गोळ्या. अकरा वर्षं. प्रयोगशाळेतल्या कुठल्याही पोराला विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं की किडनीच्या नळ्यांना त्या काय करतात आणि हृदयाला काय करतात. नोंदणीच्या फॉर्मवर 'नियमित औषधे' असा रकाना होता आणि त्यात तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, काही नाही. दादाला विचारलंही नव्हतं. आपल्याच भावाला काय विचारायचं? आणि समोर ही बाई बसलेली, जिनं चार हजार सकाळी ती गोळी स्वतःच्या बोटांनी पाकिटातून काढून कपाशेजारी ठेवली होती. सांगायचं हिला? तिनं सांगितलं नाही. "सहज आले होते," असं म्हणाली, कप विसळून ठेवला आणि निघाली. जिना उतरताना तिला हलकं वाटलं. खरंच हलकं वाटलं, काहीतरी शहाणपणाचं केल्यासारखं. कशाला उगाच त्रास द्यायचा, गेलेला माणूस परत येणार आहे का, उपाय नाही ते सांगून काय साधणार? दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती थांबली, कारण हे सगळे शब्द तिनं आज दुपारीच ऐकले होते. सरांच्या तोंडून, सरांच्याच चांगुलपणानं भिजलेले. किती सोपं होतं ते! न सांगणाऱ्याला वाटतं आपण ओझं उचललं, आणि दुसऱ्याचं आयुष्य आपल्या खिशात घालून तो शीळ घालत खाली उतरतो. तिला स्वतःची किळस आली. ती तशीच मागे फिरली आणि दोन मजले चढून वर गेली.

वहिनीनं दार उघडलं तेव्हा ती उंबऱ्यातच बोलायला लागली. आत गेली असती तर पुन्हा शहाणी झाली असती. ठिपका, चतकोर, नऊ वर्षं, पिवळा रंग, आपण खूश झालो ते. औषधांच्या रकान्यात लिहिलेलं काही नाही. आणि गोळ्या. गोळ्यांशी ती जराशी अडखळली, पण बोलली. "फक्त गोळ्यांनीच झालं असं नाही म्हणता येत. पण त्यांचा हात असू शकतो." वहिनी दाराची कडी धरून उभी होती. शेजारच्या घरात कुणीतरी नळ सोडला आणि पाईपमधून पाणी घरघरत गेलं. "म्हणजे मी..." वहिनी म्हणाली आणि थांबली. मग तिचा चेहरा असा बदलला की उंबऱ्यात उभी असलेली ती एक पाऊल मागे सरकली. "तू," वहिनी म्हणाली, "तू त्याला ओढत नेलंस. तू न विचारता लिहिलंस काही नाही. तुझं पत्र मी कपाटाला चिकटवलं. आणि मघाशी तू माझ्या हातचा चहा प्यायलीस आणि काही न बोलता निघून गेलीस." अठ्ठावीस वर्षांत वहिनी तिला एकदाही तू म्हणाली नव्हती. "हो," ती म्हणाली. "मग आता का आलीस? माझ्याकडून माफी हवीय?" "नाही." "मिळणारही नाही." "नको." वहिनीनं दार लावलं नाही. तिथेच भिंतीला टेकून ती खाली बसली, आणि हुंदका येईल असं वाटत असताना तिनं मूठ जमिनीवर आपटली, एकदा, दोनदा, भुकटीचा पांढरा ठसा फरशीवर उमटला. दोघी तशाच, एक उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. मग वहिनीनं नाक पुसून कोरड्या आवाजात विचारलं, "असे अजून किती जण आहेत?" "तीनशे अकरा." "त्यांच्या घरी गोळ्या कोण काढून ठेवतं, हे माहीत आहे तुम्हाला?" तिला माहीत नव्हतं. "आत या," वहिनी म्हणाली. "कागद काढा."

समितीची बैठक लागायला त्रेचाळीस दिवस गेले. अध्यक्ष परदेशी, मग सभागृह रिकामं नाही, मग अर्जाचा नमुना चुकला. नमुना चुकला म्हणून परत आलेला अर्ज तिनं टेबलावर इतक्या जोरात ठेवला की जोडीदारीण दचकली. चौतिसाव्या दिवशी आकडेवाली तिच्याजवळ येऊन उभी राहिली. हातात कागद नव्हता, नुसतीच उभी. "ताई, कारकुनाचे या वर्षीचे फोन सुरू झालेत," ती म्हणाली. "आपल्या तीनशे अकरातला एक मागच्या आठवड्यात गेला. तीनशे दहा झाले." मग ती मुलगी, जिचा चेहरा फरक सापडल्यावर उजळला होता, तिथेच फ्रीझरला पाठ लावून रडायला लागली. तिनं तिला जवळ घेतलं नाही. रडू दे, तिला वाटलं. पण पाण्याचा पेला भरून आणला, आणि मग म्हणाली, "समितीपुढे हा आकडा तू सांगायचास. माझ्या तोंडून त्यांना तो दुःख वाटेल."

बैठकीत सात माणसं होती, दोन डॉक्टर, एक निवृत्त न्यायाधीशबाई, एक वकील, एक शाळामास्तर आणि दोन जण कोण ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. सरांनी आपली बाजू मांडली, प्रामाणिकपणे मांडली, दोन्हीकडून मांडली. आकडेवालीनं तीनशे दहा सांगितलं. मग वहिनीला विचारलं गेलं, मृताची पत्नी म्हणून आपल्याला काही म्हणायचं आहे का. वहिनी उठली. "तुम्हाला माहीत नव्हतं त्याचा जाब मी विचारत नाही," ती म्हणाली. "त्याला औषध नाही म्हणता. पण रक्तदाबाला आहे ना? साखरेला आहे? आणि रोजची गोळी बंद करायला कुठलं औषध लागतं? नुसतं कुणीतरी सांगावं लागतं. ते सांगायला त्रेचाळीस दिवस लागले. माझा नवरा पाचव्या मजल्यावर बसला तेव्हा कुणालाच काही माहीत नव्हतं. परवा जो गेला तो तुम्हाला माहीत असताना गेला." ती खाली बसली. न्यायाधीशबाईंनी समोरचा कागद उगाच सरळ केला. चार विरुद्ध तीन मतांनी ठरलं की पत्रं जातील.

पत्राचा मसुदा सरांनी लिहिला आणि तिच्याकडे पाठवला. पहिल्याच ओळीत होतं, घाबरून जाण्याचे काहीही कारण नाही. ती तो कागद घेऊन त्यांच्या खोलीत गेली आणि त्यांच्याच पेनानं ती ओळ खोडली. "ताई, लोक घाबरतील," सर म्हणाले. "घाबरू दे." "चिडतील. नऊ वर्षं नमुना ठेवलात आणि आत्ता सांगता म्हणतील." "बरोबरच म्हणतील." सरांनी पेन परत घेतलं. ते अलीकडे थकलेले दिसत होते. त्या तीनशे दहा आकड्यांमागची नावं फक्त त्यांनाच वाचता येत होती, हे तिच्या त्या क्षणी पहिल्यांदा ध्यानात आलं, आणि तरी तिचा राग कमी झाला नाही. "खाली फोन नंबर कुणाचा द्यायचा?" त्यांनी विचारलं. "कार्यालयाचा दिला तर कारकून धन्यवाद म्हणून ठेवून देईल. माझा द्या," ती म्हणाली.

पत्रं टाकली त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी ती प्लेट धूत असताना फोन वाजला. तिनं हातमोजा काढून उचलला. पलीकडचा माणूस नाव सांगायच्या आधीच ओरडायला लागला. ही काय थट्टा लावलीय, माझी लघवी नऊ वर्षं तुमच्या फडताळात, आणि आज मला सांगता की बुवा जपून राहा? सही केली म्हणून काय मालक झालात माझे? रोज सकाळी पाठदुखीची गोळी घेतो मी, दहा वर्षं घेतो, तेव्हा नाही कुणाला वाचा फुटली? लाज नाही वाटत? तुमचा मोठा डॉक्टर कुठाय? तुम्ही कोण? जोडीदारीण कोपऱ्यातून बघत होती, ठेवून द्या असं खुणेनं सांगत होती. तिनं मान हलवली. ती एक शब्दही मध्ये बोलली नाही, फोन कानाला घट्ट लावून तो दणदणीत, भरदार आवाज ऐकत राहिली, एकेक शिवी, एकेक शब्द, आणि मधल्या मधल्या जागांत त्याचा श्वास. ओरडता ओरडता त्याला कुठेही धाप लागत नव्हती. "ऐकताय का?" तो शेवटी गरजला. "ऐकतेय," ती म्हणाली. "ती गोळी आज घेतलीत?" "अजून नाही," तो म्हणाला, आवाज तसाच तापलेला. "मग घेऊ नका," ती म्हणाली. "आणि उरलेल्या शिव्या इथे येऊन द्या. कधी येताय?" "आत्ता येतो!" तो ओरडला आणि त्यानं फोन आपटला.